'फक्त जोडायचं' म्हणजे काय ओ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोबाईलवर शॉर्टफिल्म कशी करायची यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, एकदा चहा घेताना आणि एकदा चिडून. लेख वाईट नव्हता, खिडकीचा उजेड कसा वापरायचा, कॉलर माईक साडीत कसा लपवायचा, सगळं नीट लिहिलंय. पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य आहे. प्रत्येक सीन मित्रांनी वाटून घेऊन वेगवेगळा एडिट करा, म्हणजे काम लवकर होतं, आणि मग शेवटी सगळे सीन फक्त एकापुढे एक जोडले की फिल्म तयार. त्यातल्या 'फक्त' या शब्दाला माझी हरकत आहे, आणि त्यासाठी हे पत्र. लांबलंय, पाहिजे तिथं कापा, कापायला माझी कधीच ना नसते.

मी इथं सांगलीत विश्रामबागला १४ वर्षं एडिटिंग करते. लग्नं, बारशी, मुंजी, कारखान्याच्या वार्षिक सभा, एकांकिकांचं रेकॉर्डिंग, आणि वर्षाला कॉलेजच्या पोरांच्या दोन-चार शॉर्टफिल्म. पोटाला लग्नं, हौसेला फिल्म असा हिशोब आहे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका कॉलेजची पोरं रात्री साडेनऊला दारात उभी, तीन लॅपटॉप आणि एक हार्डडिस्क घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला स्पर्धेला फाईल द्यायची होती. "ताई एडिट पूर्ण झालंय, फक्त जोडायचं राहिलंय." म्हटलं ठीक आहे, दोन तासांचं काम, कुकर लावते आणि बसूया. कुकर झाला, पोरांची जेवणं झाली, माझ्या सासूबाई झोपून उठल्या, पहाटेचे पावणेपाच वाजले आणि आम्ही आपले जोडतोच आहे.

१९ सीन होते, तिघांनी वाटून घेतलेले. एकाचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं ते) ३०, दुसऱ्याचा २५, आणि तिसऱ्या पोरीनं तर सीक्वेन्सच (सीनची परत उघडून बदलता येणारी जुळणी) ठेवल्या नव्हत्या, प्रत्येक सीनची तयार एमपीफोर फाईल काढून मूळ प्रोजेक्ट डिलीट केलेला, का तर लॅपटॉपवर जागा नव्हती. तिला रागावून तरी काय करणार. फायलींची नावं म्हणाल तर 'सीन ७ फायनल', 'सीन ७ फायनल नवीन', 'सीन ७ खरा फायनल', आणि तिन्हीत दार वाजतंय ते तीन वेगळ्या ठिकाणी. एकाचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडेना कारण एकाचं सॉफ्टवेअर नवीन आणि दुसऱ्याचं जुनं, नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नाही हे पोरांना त्या रात्री कळलं. आणि उघडलं तिथं सगळी पडदाभर लाल पाटी, मीडिया ऑफलाईन, कारण एकाचं शूटिंग डी ड्राईव्हला आणि दुसऱ्याचं डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर'मध्ये.

ते सगळं निस्तरून साडेबाराला एकदाचे १९ सीन एका टाईमलाईनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिपा मांडायच्या पट्टीवर, ओळीनं लागले, मी स्पेसबार दाबला आणि आम्ही पाच जण (सासूबाई धरून) फिल्म बघायला बसलो. चौथ्या सीनला सासूबाई म्हणाल्या, "हे सारखं डोळे का मिटतंय गं?"

बरोबर बोलल्या त्या. तिघांनीही आपापल्या प्रत्येक सीनच्या सुरुवातीला फेड इन (अंधारातून चित्र उजळणं) दिलेला आणि शेवटी फेड आऊट (चित्र अंधारात विरणं), शिवाय आधी-नंतर जरा थांबून. सुटा सीन बघताना ते किती छान वाटतं! पण १९ सीन म्हणजे १८ सांधे, आणि प्रत्येक सांध्याला चार-चार सेकंद अंधार आणि थांबा, म्हणजे एक मिनिट बारा सेकंद लोकांनी नुसता काळा पडदा बघायचा. तसंच म्युझिकचं. प्रत्येक सीनमध्ये बासरी सुरू होते, चढते आणि विरते, पुढच्या सीनला परत पहिल्यापासून सुरू. आणि हरिपूरच्या संगमावरचा सूर्यास्ताचा एक शॉट खरंच अप्रतिम आलेला, कृष्णा-वारणा मिळतात तिथं पाण्यावर सगळं केशरी झालेलं, तर तो तिघांनीही आपापल्या सीनमध्ये घातलेला. दोन दिवसांच्या गोष्टीत सूर्य तीनदा मावळला.

एकूण लांबी ३१ मिनिटं १२ सेकंद. स्पर्धेची मर्यादा २५ मिनिटं. ही बेरीजसुद्धा तोपर्यंत कुणी केली नव्हती.

आता यात पोरांचा दोष म्हणाल तर थोडाच. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. कार्यशाळांमध्ये ट्रान्झिशनचे चाळीस प्रकार दाखवतात, ग्लिच काय, झूम काय, आकाशाचा रंग बदलणं काय, पण १९ तुकड्यांची एक गोष्ट कशी करायची यावर अर्धा तास कुणी देत नाही. आणि हे सांगलीत! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं पहिलं मराठी नाटक उभं केलं, आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, त्या गावात. अहो इथल्या कुठल्याही हौशी ग्रुपमधल्या पोराला विचारा, प्रवेशाप्रवेशाची तालीम वेगळी आणि सलग रन थ्रू वेगळा. तिसरा प्रवेश महिनाभर घासूनपुसून लख्ख केलेला असतो आणि पहिल्या रन थ्रूला कळतं की दुसऱ्या प्रवेशानंतर तो यायलाच नको, किंवा नटीला साडी बदलायला वेळच नाही, किंवा दोन्ही प्रवेश रडारडीनं संपतात आणि दुसऱ्याला प्रेक्षक खोकायला लागतात. कुठला दिग्दर्शक पहिला रन थ्रू प्रयोगाच्या आदल्या रात्री ठेवेल? मास्टर, म्हणजे सगळे सीन एकत्र लावलेली टाईमलाईन, हा फिल्मचा रन थ्रू आहे, एवढंच मला त्या लेखकांना सांगायचंय.

माझे वडील तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, जत्रेजत्रेला फिरायचे. ३५ एमएमच्या फिल्मचा १००० फुटाचा रोल म्हणजे साधारण ११ मिनिटं, २००० फुटाचा २२ मिनिटं, आणि अख्खं पिक्चर अशा डब्यांतून यायचं. मोठ्या थेटरात दोन मशीन असायची, रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकायचा, मग ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर हात ठेवून तयार, दुसरा ठिपका आला की बदललं, पब्लिकला पत्ता नाही. वडिलांच्या तंबूत मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की लाईट लावायचे आणि तेवढ्यात शेंगदाणेवाला फिरून यायचा. एकदा कुठल्याशा जत्रेत त्यांच्या हातून चौथ्या रिळाच्या जागी पाचवं लागलं. हिरॉईनच्या मांडीवर पोरगं आणि त्यानंतरच्या रिळात लग्न. लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. वडील ते हसत हसत सांगायचे पण शेवटी नेहमी म्हणायचे, की रिळं सगळी चांगली होती बरं का, एकावर ओरखडा नव्हता.

बरं, आता जरा कामाचं, कारण नुसती तक्रार करून पुढच्या बॅचला उपयोग नाही.

सीनची सीक्वेन्स मास्टरमध्ये टाकायचे दोन प्रकार आहेत, आणि लेखात याचा साधा उल्लेखही नाही. एक म्हणजे अख्खी सीक्वेन्स एका क्लिपसारखी टाकायची, तिला नेस्ट म्हणतात. दुसरा म्हणजे आतल्या सगळ्या क्लिपा सुट्या मोकळ्या टाकायच्या. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईमलाईनच्या डाव्या कोपऱ्यात वर यासाठी एक छोटं बटण आहे, ते चालू असलं की नेस्ट येते, बंद केलं की क्लिपा येतात. कित्येक जण वर्षानुवर्षं ते बटण काय आहे हे न बघता काम करतात. रिझॉल्व्हमध्ये टाईमलाईन आत टाकली की राईट क्लिक करून डिकंपोझ इन प्लेस म्हणायचं, फायनल कटमध्ये कंपाउंड क्लिप (तिथं नेस्टला असं म्हणतात) फोडायची, गोष्ट तीच.

नेस्ट म्हणजे तोंड शिवलेलं हळदीचं पोतं समजा. उचलायला सोपं, इकडचं तिकडं ठेवायला सोपं, सीन पाच सातच्या पुढं नेऊन बघायचाय तर एका ओढीत काम. शिवाय मूळ सीनमध्ये शॉट बदलला की मास्टरमध्ये आपोआप बदलतो. म्हणून पहिल्या जोडणीला, क्रम ठरवायला, नेस्टसारखं दुसरं काही नाही. पण यात एक मेख आहे जी कुणी सांगत नाही. सीन आत बदलतो, पण त्याची लांबी मास्टरमध्ये बदलत नाही. तुम्ही मूळ सीन दहा सेकंदांनी वाढवला तर मास्टरमध्ये ते दहा सेकंद दिसतच नाहीत, सीन मध्येच तुटतो, आणि दहा सेकंदांनी कमी केला तर शेवटी तेवढा काळा पडदा आणि शांतता. एका लग्नात माझंच असं झालंय, हळदीचा सीन छोटा केला, मास्टर परत बघितला नाही, आणि हॉलमध्ये स्क्रीनवर अख्ख्या वऱ्हाडासमोर काळोख. नवरीच्या मामांनी प्रोजेक्टरवाल्याला झापलं आणि मी कोपऱ्यात गप्प.

आणि मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला कधी उभं राहिला असाल तर माहीत असेल, पोतं फोडून मूठभर हळद हातावर घेतल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. तसंच आहे. क्रम एकदा नक्की झाला की पोती फोडायची, म्हणजे मास्टरची एक कॉपी करायची, तिला तारीख घालायची आणि त्या कॉपीत सगळ्या क्लिपा मोकळ्या करायच्या. नेस्टवाली मूळ ठेवायचीच, पुसायची नाही. साऊंडवाल्याला किंवा कलर करणाऱ्याला शिवलेली पोती पाठवली तर त्याच्याकडं १९ गठ्ठे दिसतात, आतला एकही कट त्याला धड मिळत नाही, आणि मग रात्री अकराला फोन.

पण पोती फोडायचं खरं कारण वेगळंच आहे, ते त्या रात्री पोरांनी स्वतः बघितलं. सीन ८ च्या शेवटी आई ताट वाढून बसलीय, पोरगी अजून जेवायला आली नाही. सीन ९ मध्ये पोरगी एसटीत बसून पुण्याला चाललीय. मूळ जोडणीत आई, मग फेड आऊट, अंधार, फेड इन, एसटी. ठीक, कळलं, पुढं. आम्ही दोन्ही सीनच्या क्लिपा मोकळ्या केल्या, फेड काढले, आणि एसटीच्या कंडक्टरची डबल बेल, ती टिंग टिंग, दोन सेकंद अलीकडं ओढली, आईच्या तोंडावर. चित्रात आई ताटावर झाकण ठेवतीय आणि ऐकू येतीय डबल बेल, गाडी सुटली. मग कट. तिघंही पोरं एकदम गप्प झाली. एकजण म्हणाला, हे मी आठ नंबरच्या सीनमध्ये कसं करणार होतो, माझ्याकडं तर बेलच नव्हती. तेच तर! बेल नऊच्या पोत्यात, आई आठच्या पोत्यात. सीन सुटे सुटे कापत बसलं तर असा कट कुणालाच सापडत नाही, कारण तो दोघांच्या मधल्या बांधावर असतो.

हे जमायचं तर ट्रॅक, म्हणजे टाईमलाईनवरच्या आवाजाच्या वेगवेगळ्या ओळी, आधी ठरवून घ्यायला पाहिजेत. तिघांनी एडिट सुरू करायच्या आधी एका कागदावर लिहायचं, संवाद पहिल्या दोन ऑडिओ ट्रॅकवर, आजूबाजूचा आवाज तिसऱ्या-चौथ्यावर, इफेक्ट पाचव्या-सहाव्यावर आणि म्युझिक त्याखाली. नाहीतर आमच्यासारखं होतं, एकाच्या तिसऱ्या ट्रॅकवर बासरी आणि दुसऱ्याच्या तिसऱ्यावर आईचे डायलॉग, बासरी कमी करायला गेलं की आई पण मुकी. म्युझिक तर माझं मत विचाराल तर सीनमध्ये घालूच नये, सगळं जोडून झाल्यावर मास्टरवरच घालावं. त्या एमपीफोरवाल्या पोरीचे सहा सीन होते, त्यात बासरी आत भाजूनच आलेली, ती काही निघाली नाही, मग तिच्याच बासरीला धरून पुढचे-मागचे सीन बेतावे लागले.

फ्रेम रेटचं पण आधीच ठरवा. आपल्याकडं २५ धरून चालावं, टीव्हीची पद्धत आपली तीच आहे. ३० चं शूटिंग २५ च्या टाईमलाईनवर टाकलं की सॉफ्टवेअर प्रत्येक सेकंदातल्या पाच फ्रेम गाळतं, म्हणजे दर सहावी फ्रेम गायब. माणूस नुसता बसून बोलत असेल तर लक्षात येत नाही, पण कॅमेरा जरा सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवलेला असला की बैलगाडीत बसून बघितल्यासारखं हिसके मारतं. आयर्विन पुलावरचा पोरांचा लांबलचक पॅन असाच वाया गेला. ५० चं असेल तर बरोबर निम्मं होतं, त्रास नाही. आणि मोबाईलचा आणखी एक घोळ म्हणजे बरेच फोन फ्रेम रेट एकसारखा धरतच नाहीत, उजेडाप्रमाणं कमीजास्त करतात, त्यामुळं लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. अशा फायली आधी कन्व्हर्टरमधून एकसारख्या फ्रेम रेटच्या करून घ्याव्यात, फुकटची सॉफ्टवेअर आहेत. रिझॉल्व्हमध्ये तर एकदा मटेरियल आत आलं की प्रोजेक्टचा टाईमलाईन फ्रेम रेट बदलताच येत नाही, त्यामुळं पहिल्या दिवशी पहिलं काम हेच.

मास्टरचा टाईमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा आकडा, एक तासापासून सुरू करायची पद्धत आहे, ०१:००:००:०० ला पहिली फ्रेम. मोठ्या फिल्मचे अजूनही रिळाप्रमाणं भाग करतात, मग दुसरा भाग दोन तासांपासून. पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा एक बीप ठेवतात, म्हणजे साऊंडवाल्याकडून आलेला ट्रॅक आणि चित्र बीपला बीप जुळवता येतं. शॉर्टफिल्मला एवढं कशाला म्हणतात लोक. पण साऊंड बाहेरून करून आणणार असाल तर लागतंच, एक फ्रेम तर टाकायचीय.

त्या रात्रीचं राहिलंच. ३१ वरून २५ वर यायचं होतं. फेड आणि थांबे काढले, एक मिनिट बारा सेकंद गेले. दोन सूर्यास्त गेले. दारं उघडणं, जिने चढणं, चहा ओतणं, असं जे प्रत्येक सीनच्या सुरुवातीला 'स्थिरावायला' ठेवलेलं ते काढलं, जवळजवळ दोन मिनिटं. तरी जवळपास तीन मिनिटं जास्तच. मग सगळ्यांना दिसत होतं पण कुणी बोलत नव्हतं ते मी बोलले, की सीन १२ नको. वडील आणि मुलीचं गच्चीवरचं बोलणं, दोन मिनिटं पन्नास सेकंद, सगळ्यात सुंदर शूट झालेला सीन, त्या पोरानं चार दिवस बसून कापलेला. पण ११ मध्ये वडील न बोलता बॅगेत भडंगाचा पुडा ठेवतात आणि १३ मध्ये मुलगी तो वाटेत फोडते, मध्ये बोलण्यासारखं उरतंच काय. काढून सलग बघितलं. तो पोरगा काही म्हणाला नाही, नुसता उठून बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, ताई असंच ठेवा. चार दिवस वाया गेल्याचं दुःख मला आजही त्याच्यासाठी वाटतं, कारण पंधरा दिवस आधी कच्ची जोडणी केली असती तर तो सीन घासण्यात त्याचे चार दिवस गेलेच नसते.

सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी फाईल निघाली, पोरं गाडीवरून धावली, घेतली म्हणे. बक्षीस नाही मिळालं.

पैशाचंही लिहायला पाहिजे, लाजून चालत नाही. सीन कापायचे पैसे लोक देतात, मिनिटावर भाव ठरलेला असतो. जोडणीचे म्हटलं की "ते काय, फक्त जोडायचं तर आहे, त्याचे कसले पैसे." तुमच्या लेखातलं वाक्य मला इतकं लागलं त्याचं निम्मं कारण हे आहे. पेपरात छापून आलं की लोक कात्रण दाखवतात हो, परवाच एका पार्टीनं दाखवलं.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात त्या वाक्यावर दोन ओळींचा खुलासा द्यावा. आणि स्पर्धा भरवणारी जी मंडळी तुमचा पेपर वाचतात त्यांनी पुढच्या वर्षीच्या नियमात एक कलम घालावं, की अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी सगळे सीन सलग जोडलेली कच्ची प्रत दाखवायची, आवाज कच्चा चालेल, रंग नसला तरी चालेल, टायटल नसली तरी चालतील. लेखकांना हे सगळं अतिशयोक्ती वाटत असेल तर कुठल्याही रविवारी दुपारी चारनंतर यावं, चहा देते. त्या रात्रीची साडेबाराची टाईमलाईन आणि सकाळची, दोन्ही मी तारखेसकट ठेवल्यात. सीन १२ पण आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली